पीसीआर : प्रश्न आधी, तंत्र नंतर



कोविडच्या दिवसांत ‘आरटीपीसीआर’ हा शब्द घराघरांत पोहोचला. त्यामुळे पीसीआर म्हणजे एकच चाचणी असं आपल्याला वाटू लागलं. प्रत्यक्षात ती अनेक तंत्रं आहेत, आणि प्रयोगशाळेत कोणतं वापरायचं हे आपण नमुन्याला काय विचारतो त्यावर ठरतं.

मूळ क्रिया सगळीकडे एकच. ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान ५०-६५ अंशांवर आणलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे ठरल्या जागी चिकटतात आणि ७२ अंशांना पॉलिमरेज हे विकर नवा धागा विणतं. दर फेरीला दुप्पट! ३० फेऱ्यांत एका रेणूच्या, निदान कागदावर, शंभर कोटींहून जास्त प्रती. १९८३ साली कॅरी मुलिस यांना ही कल्पना सुचली. १९८५ मध्ये ती प्रथम छापून आली तेव्हा उपयोग दाखवला होता सिकलसेलच्या निदानाचा. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना हा आजार किती जवळून माहीत आहे! सुरुवातीला उष्णतेनं विकर निकामी होई, म्हणून दर फेरीला ते नव्यानं घालावं लागे. ती अडचण सुटली यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूच्या विकरामुळे. तो जिवाणू शोधणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक त्या झऱ्यांकडे गेले ते केवळ तिथे काय जगतं हे पाहायला. निव्वळ कुतूहलाला पैसा का द्यावा, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

साधा पीसीआर ‘आहे की नाही’ एवढंच सांगतो. जेलवर डीएनएची पट्टी दिसली की झालं. मल्टिप्लेक्समध्ये एकाच नळीत अनेक प्रायमर-जोड्या घालून अनेक जनुकं एकदम शोधतात. नेस्टेडमध्ये दोन टप्पे असल्यानं अगदी थोडा डीएनएही सापडतो, पण मधे नळी उघडावी लागते आणि हवेतून प्रती इकडेतिकडे गेल्या की निरोगी माणसाचा नमुनाही पॉझिटिव्ह येतो. रोजच्या निदानासाठी मला हे तंत्र धोक्याचं वाटतं. विषाणू आरएनएचा असेल तर आधी त्याची डीएनए-प्रत करावी लागते; कोविडच्या ‘आरटीपीसीआर’मधलं ‘आरटी’ ते हेच.

‘किती आहे’ हे विचारायचं तर रिअल-टाइम पीसीआर. प्रत वाढताना चमक वाढते. ती ज्या फेरीला ठळक होते तो सीटी आकडा. तो जितका कमी, तितकं मूळ द्रव्य जास्त. दसपटीला साधारण सव्वातीन फेऱ्यांचा फरक. पण स्वॅब कसा घेतला, किट कोणतं, यानंही तो बदलतो. म्हणून दोन लॅबचे सीटी आकडे शेजारी ठेवून आजाराची तीव्रता ठरवणं चूक आहे. अगदी नेमकी मोजदाद हवी असेल तर नमुना हजारो थेंबांत वाटणारा डिजिटल पीसीआर.

या सगळ्याचं मोल मला क्षयरोगात सर्वाधिक दिसतं. जंतू वाढवून पाहण्याच्या कल्चर तपासणीला कित्येक आठवडे लागतात. पीसीआरवर चालणाऱ्या जीनएक्सपर्ट यंत्राचं काडतूस दोन तासांत जंतूही शोधतं आणि रिफाम्पिसिन या औषधाला तो दाद देईल का, हेही सांगतं. गोव्याच्या मॉलबायोचं ट्रूनॅट यंत्र तर बॅटरीवर चालतं, त्यामुळे ते तालुक्याच्या दवाखान्यात नेता येतं. मात्र मेलेल्या जंतूंचा डीएनएही या चाचण्यांना सापडतो. औषधं सुरू झाल्यावर ती लागू पडताहेत का, हे पाहायला म्हणूनच थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि कल्चर लागतात.