जालियनवाला बागेचा बोळ

अमृतसरास जाणारा यात्रेकरू हरमंदिर साहिबाचे दर्शन घेऊन बाहेर पडला, की हाकेच्या अंतरावरील जालियनवाला बागेत सहसा डोकावून येतोच. बाग हे नाव नुसते उपचाराचे. १९१९ साली ते चोहोबाजूंनी घरांच्या भिंतींनी कोंडलेले एक ओसाड आवार होते आणि तेथे शिरण्याची मुख्य वाट म्हणजे एक अतिशय चिंचोळा बोळ. मला आज त्या बोळाविषयीच बोलावयाचे आहे.

१३ एप्रिलला, बैसाखीच्या दिवशी, जनरल डायर ५० बंदूकधारी शिपायांनिशी याच बोळातून आत आला आणि जमावास पांगण्याची ताकीदही न देता त्याने गोळीबाराचा हुकूम सोडला. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारदप्तरी मृतांचा आकडा ३७९ असा नोंदला गेला. परंतु काँग्रेसच्या ज्या चौकशी समितीत गांधीजी आणि चित्तरंजन दास यांच्या जोडीने आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते, तिचा अंदाज हजाराच्या घरात गेला.

डायरने यंत्रबंदुका चढविलेल्या दोन चिलखती गाड्याही आणल्या होत्या. बोळ अरुंद म्हणून त्या बाहेरच अडकल्या. पुढे नोव्हेंबरात लाहोर येथे सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीसमोर त्याची जबानी झाली, तेव्हा मुंबईचे नामांकित कायदेपंडित चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला सरळच विचारले, की गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर यंत्रबंदुका चालविल्या असत्या काय. आणि बहुधा चालविल्या असत्या, असा जबाब त्या गृहस्थाने दिला.

हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या बोळातून चालताना दोन्ही खांद्यांपाशी भिंती जाणवतात, आणि कोणत्याही स्मारकाने याहून अधिक काही करावे अशी अपेक्षा नसते. आतील तांबड्या दगडाचा, १९६१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालेला स्तंभ (खरे सांगावयाचे तर) मला फारसा बोलका वाटला नाही. उलट गोळ्यांच्या खुणा जपलेली विटांची भिंत आणि जिवाच्या आकांताने लोकांनी जिच्यात उड्या घातल्या ती विहीर यांपुढे तो भारदस्त परंतु परका भासला. असे असता २०२१ च्या नूतनीकरणात बोळाच्या दुतर्फा हसतमुख स्त्रीपुरुषांची शिल्पे बसविण्याची कल्पना कोणास सुचली असेल, न कळे. ज्या भिंतींनी गाड्या अडविल्या, त्या आता छायाचित्रांची पार्श्वभूमी झाल्या आहेत. विश्वस्तांनी ही शिल्पे संग्रहालयाच्या एखाद्या दालनात हलवावीत, बोळाच्या भिंती पूर्ववत मोकळ्या कराव्यात आणि तोंडाशी सेटलवाडांचा तो प्रश्न व डायरचे उत्तर, एवढेच लावावे.