हिवाळ्यातील डोंगरवाट आणि सोबतीचा कुत्रा

पांडवांच्या महाप्रस्थानाची कथा मराठी घरांतून लहानथोरांस परिचित आहे. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी आणि चौघे भाऊ एकामागून एक कोसळले; धर्मराजाच्या मागे अखेरपर्यंत चालत राहिला तो एक कुत्रा. रथ घेऊन आलेल्या इंद्राने त्या कुत्र्यास मागे ठेवण्यास सांगितले, तेव्हा धर्मराजाने रथात पाऊल घालण्याचे नाकारले. कुत्र्याच्या इमानाच्या गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात. या कथेत कसोटी लागते ती धन्याच्या इमानाची. आपल्या कुत्र्यास घेऊन डोंगरात सहलीस जाणाऱ्या नागर गृहस्थाचीही थोड्याफार फरकाने हीच कसोटी असते.

अशा सहलीस योग्य असा एक रम्य मुलूख गोंदिया जिल्ह्याच्या ईशान्य टोकास, सालेकसा तालुक्यात आहे. पूर्वेस छत्तीसगड आणि उत्तरेस मध्यप्रदेशाचा बालाघाट जिल्हा, यांच्या सांध्यावर हे डोंगर उभे आहेत. मुंबईहून नागपूर, गोंदियामार्गे हावड्यास जाणारा लोहमार्ग याच तालुक्यातून जातो. सालेकसा स्थानक मागे पडले की भातखाचरांची सपाटी संपत जाते, रान जवळ येते, आणि दरेकसा स्थानकापुढे गाडी डोंगर फोडून काढलेल्या बोगद्यात शिरते. या स्थानकापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर हाजरा नावाचा धबधबा आहे. पावसाळ्यातील त्याचे रौद्र रूप हिवाळ्यात ओसरलेले असते. परंतु काळ्या खडकावरून उतरणारे ते शांत पाणी पाहण्यास हाच काळ अधिक सोयीचा.

पौषातील पहाटे या भागात पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली जातो. रात्री थंड झालेली जड हवा उतारांवरून घसरून खोऱ्यांत साचते आणि तेथे धुके धरते. वर चढून गेलेल्या वाटसरूस मग साग, ऐन आणि बांबू यांचे शेंडे पांढऱ्या सरोवरातून वर आल्यासारखे दिसतात. मोहाच्या झाडाखाली दव टपटपत असते. मनुष्य हे सारे डोळ्यांनी पाहतो. त्याच्या पुढे चालणारा कुत्रा मात्र खाली मान घालून ती वाट नाकाने वाचीत असतो. मनुष्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लक्ष असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक. रात्री येथून कोण गेले, कोणत्या दिशेने गेले, याचा वृत्तांत त्याच्यापुढे उघडा पडलेला असतो. हिवाळा त्याच्या प्रकृतीसही मानवतो. कुत्र्यास घाम येतो तो मुख्यत्वे पंजांच्या तळव्यांतून. अंगातील उष्णता बाहेर टाकावयाची ती जीभ काढून धापा टाकीतच. वैशाखात जो चढ त्याच्या जिवावर बेतेल, तोच पौषात तो खेळत चढतो.

येथवर सारे आनंदाचे आहे. तथापि वाचणे आणि समजणे या दोन गोष्टी भिन्न होत. शहरातील अंगणात वाढलेल्या कुत्र्यास बिबट्याचा वास येतो, परंतु त्या वासाचा अर्थ कळतोच असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. अस्वलाची गोष्ट याहून निराळी. दिवसा ते खडकांच्या कपारीत विसावते, आणि मादीस पिले होतात ती बहुधा हिवाळ्यातच. मोकळा सोडलेला कुत्रा अशा कपारीपाशी जाऊन भुंकतो, अस्वल चवताळून बाहेर येते, कुत्रा भिऊन धन्याच्या पायांशी पळत येतो आणि त्याच्या मागोमाग अस्वलही. रक्षणासाठी नेलेला सोबती अशा प्रकारे संकटास वाट दाखवितो. दोष मात्र त्याचा नसतो.

दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. जंगलापासून जसे कुत्र्यास भय आहे, तसेच कुत्र्यापासून जंगलास आहे. कुत्र्यांत पसरणारा डिस्टेंपर नावाचा रोग रानातील मांसभक्षक प्राण्यांसही होतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अरण्यात १९९४ साली या रोगाने सुमारे एकतृतीयांश सिंह दगावले. २०१८ साली गीरच्या रानात थोड्या आठवड्यांत २३ सिंह मेले, तेव्हा त्यांतील काहींच्या ठायी हेच विष आढळले. वेळेवर टोचलेली लस म्हणूनच आपल्या कुत्र्यापुरती बाब राहत नाही. गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात कुत्रा नेता येत नाही, त्यामागील एक कारण हेच.

सालेकशाच्या डोंगरांत मनुष्यानेही नम्र व्हावे असे एक स्थान आहे, ते म्हणजे कचारगडची विशाल गुहा. गोंड समाजाच्या परंपरेप्रमाणे काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांची सुटका केली. माघ पौर्णिमेस अनेक राज्यांतील गोंड भाविक येथे दर्शनास येतात. गुहेच्या छतातील विवरातून आत उतरणारा प्रकाश पाहून नवखा प्रवासी क्षणभर स्तब्ध होतो. ज्यांचे हे तीर्थ, त्यांच्या भावनेचा मान राखून कुत्र्यास खालीच एखाद्या सोबत्यापाशी ठेवावे आणि आळीपाळीने वर जावे. यात्रेच्या गर्दीत तर त्यास आणूच नये.

मग कुत्र्यास घेऊन या वाटांवर जाऊच नये काय? तसे नव्हे. निघण्यापूर्वी पिसाळरोगाची व डिस्टेंपरची लस टोचलेली असावी. वनखात्याच्या चौकीवर वाटेची व परवानगीची विचारपूस करावी. गावातील जाणता मनुष्य वाटाड्या म्हणून घ्यावा. पिण्याचे पाणी दोघांपुरते असावे. लोहमार्गाजवळ आणि रानात गळ्यातील साखळी हातातून सुटू देऊ नये. वानरांचा खकारा किंवा चितळांची तीक्ष्ण हाक ऐकू आली, अथवा पुढे चालणारा कुत्रा एकाएकी थबकून अंगावरील केस उभे करू लागला, तर त्यास पुढे ओढू नये, तेथूनच परतावे. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी गावात पोहोचावे, कारण संध्याकाळ ही बिबट्याची वेळ होय.

या नियमांनी सहलीचा आनंद थोडा आखडतो, हे खरे. धबधबा दिसतो, पण पलीकडचे शिखर राहून जाते. साखळीस ओढ देणाऱ्या त्या मुक्या जीवास हे बंधन कशासाठी, ते कळत नाही. आणि कळण्याची अपेक्षाही नाही. तो धन्याच्या मागे कोठेही येईल, रात्रीही येईल, अस्वलाच्या कपारीपाशीही येईल. म्हणूनच कोठवर जावयाचे आणि कोठून परतावयाचे, हे ठरविण्याचा भार धन्याने उचलावयाचा असतो. दिवेलागणीच्या सुमारास दरेकसा स्थानकाच्या फलाटावर थकलेला कुत्रा धन्याच्या पायांवर हनुवटी टेकून निजला, म्हणजे राहून गेलेल्या शिखराची हळहळ वाटण्याचे कारण उरत नाही.