फिरलेल्या देवळापुढचा प्रश्न

औंढा नागनाथाला जाऊन आलेल्या माणसाला फिरलेल्या देवळाची गोष्ट ठाऊक असतेच. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नामदेवांचं गाव म्हणून ओळखली जाणारी नर्सीही याच हिंगोली जिल्ह्यातली. आपण ही कथा चमत्कार म्हणून सांगतो. त्यांना उठवलं का, हे सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो. गर्दी झाली होती, पूजेत अडथळा येत होता, असं काहीतरी सांगून आपण मोकळे होतो. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांतही येतो, आणि तिथं कारण स्पष्ट आहे : हीन जातीचा म्हणून उठवलं. आपण गिळून टाकलेलं कारण पंजाबनं जपलं!

हेच कारण धरून अमेरिकेत एक अख्खं धर्मचिंतन उभं राहिलं. जेम्स कोन हे त्याचं मोठं नाव. जन्म 1938 चा, दक्षिणेतल्या आर्कान्सॉ राज्यातला. तिथं गोऱ्यांचं चर्च वेगळं, काळ्यांचं वेगळं. 1967 मध्ये डेट्रॉइट शहर पेटलं, एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. तरीही गोरे धर्मपंडित प्रेम आणि क्षमा यांवरच बोलत राहिले. कोन यांनी 1969 मध्ये ‘ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की मिसरमधल्या गुलामांना सोडवणारा देव तटस्थ असूच शकत नाही. देव काळा आहे, असं ते म्हणत. कातडीचा रंग त्यांना सांगायचा नव्हता. ज्याला लाथाडलं जातं, त्याच्या बाजूला देव उभा असतो, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत या वाक्यानं खळबळ उडाली. सावळ्या विठोबाच्या पाया पडणाऱ्या आपल्याला त्यात धक्का बसण्यासारखं काही वाटणार नाही. आपण रंगापाशीच थांबतो, ही अडचण आहे.

कारण त्या विचाराला हिशेबाची बाजूही होती. त्याच वर्षी, 4 मे 1969 रोजी, न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये उपासना चालू असताना जेम्स फोरमन हे कार्यकर्ते पुढं आले आणि गोऱ्यांच्या चर्चांकडं व ज्यू धर्मस्थळांकडं त्यांनी 50 कोटी डॉलर भरपाई मागितली. गुलामांच्या घामावर श्रीमंती उभी राहिली, त्यातला वाटा द्या, असं ते मागणं होतं. त्यातले 20 कोटी दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांना जमीन मिळावी, यासाठी हवे होते. हाती आलं ते फार थोडं. पण देव गरिबाचा असेल तर जमीन कुणाची, हा प्रश्न भर देवघरात विचारला गेला.

आपल्याकडं हा प्रश्न अधिक कडवट आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर. आत जाण्याची वाट त्यांच्या लोकांना मोकळी व्हायला 1947 साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. डॉ. आंबेडकरांनी 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला आणि पाच वर्षं वाट पाहून, 1935 मध्ये येवल्यात, धर्म सोडण्याची घोषणा केली. देवळानं फिरावं म्हणून किती दिवस मागच्या बाजूला बसायचं? अस्पृश्यतेच्या उगमावरचं 1948 चं आपलं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केलं, हेही विसरता येत नाही. पुढं 1981 मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात केलेल्या भाषणातून ख्रिस्ती मंडळींत दलित धर्मचिंतनाला सुरुवात झाली. चर्चमध्येही जात शिरलीच होती.

मराठवाड्यात हा जमिनीचा प्रश्न गायरानाच्या रूपानं समोर येतो. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या लढ्यांनी पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी गावागावांत नेली. 14 एप्रिल 1990 पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे ती करून देण्याचा निर्णय सरकारनं 1991 मध्ये घेतला. पण ज्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं नाही, त्यानं कितीही वर्षं नांगर धरला असला तरी बँक त्याला पीककर्ज देत नाही आणि गारपिटीची भरपाईही त्याच्यापर्यंत येत नाही. गुरं चारायची कुठं, असं गावातले इतर शेतकरी विचारतात; तोही प्रश्न खोटा नाही. मात्र गुराला चारा की माणसाला भाकरी, असा झगडा जेव्हा जेव्हा लागतो, तेव्हा त्यात एका बाजूला नेहमी तेच घर असतं, ज्याच्या मालकीचं गावात दुसरं काहीच नसतं.

देऊळ फिरल्यावर नामदेव देवासमोर आले. त्यांना उठवणारे पुजारी मग कुठं बसले, त्यांनी जागा सोडली की तेही मुकाट्यानं वळसा घालून पुन्हा पुढं आले, हे ती कथा सांगत नाही.