संगणकाचें चित्र आणि घरचा टेलिव्हिजन

मुंबईचें टेलिव्हिजन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां एका घरीं संच असला कीं शेजारपाजारची मंडळी तेथें येऊन बसत. टेलिव्हिजन हें अशा रीतीनें आरंभापासूनच बैठकीचें यंत्र ठरलें. संगणक मात्र घरांत शिरला तो एकट्यादुकट्याचें यंत्र म्हणून. त्याच्यापुढें एक खुर्ची, खुर्चीवर एक माणूस, आणि इतरांनीं पाहावयाचें तें त्याच्या खांद्यावरून वाकून! आज घरोघरच्या लग्नामुंजींच्या जुन्या चित्रफिती संगणकांत उतरवून ठेवलेल्या असतात. त्या सर्वांनीं मिळून पाहावयाच्या, तर संगणकाची टेलिव्हिजनशीं गांठ घालून देणें ओघानेंच येतें. ही गांठ घालणें अवघड नाहीं. पण ती घातल्यावर चित्र बिघडलेलें दिसलें, तर दोष फितीचा कीं संचाचा, हें पुष्कळांस उमगत नाहीं. आणि तेथेंच मोठें नुकसान होण्याचा संभव असतो.

या दोन यंत्रांचें नातें तसें जुनें आहे. १९८२ सालीं इंग्लंडांत निघालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकास स्वतःचा पडदा नव्हताच. तो घरच्या टेलिव्हिजनच्या एरियलच्या खोबणींत जोडीत. कचेरीच्या कामाला बारीक अक्षरें स्पष्ट दिसणें अवश्य होतें, म्हणून संगणकानें निराळा पडदा घेऊन वेगळी चूल मांडली. १९८७ सालीं आलेली व्हीजीए जोडणी चित्र वाहून नेई. आवाजासाठीं दुसरी तार लागे. पुढें डिसेंबर २००२ मध्यें एचडीएमआय या जोडणीची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली, आणि चित्र व ध्वनि हीं दोन्ही एकाच तारेंतून जाऊं लागलीं. विभक्त झालेले दोन भाऊ पुन्हां एकत्र आले खरे, पण मध्यंतरीं दोघांच्या संवयी निराळ्या झाल्या होत्या. त्यांतील तीन संवयी जाणून घेतल्या तर बहुतेक घोटाळा निस्तरतो.

पहिली संवय कडा झांकण्याची. जुन्या संचांतील कांचेच्या नळीवर चित्राची कड सरळ व स्थिर राहात नसे. म्हणून चित्र पडद्याहून किंचित् मोठें काढून त्याच्या कडा चौकटीआड दडविण्याची चाल पडली. कार्यक्रम तयार करणारेही हें जाणून महत्त्वाचीं अक्षरें कडेपासून आंत ठेवीत. आजच्या सपाट पडद्यास याची गरज उरलेली नाहीं. तरी अनेक संच जुन्या वळणानें चित्र चोहोंकडून थोडें कापतात. संगणकाचें चित्र तर अगदीं कडेपर्यंत काढलेलें असतें. मग त्याची खालची पट्टी नाहींशी होते, आणि लग्नाच्या समुदायचित्रांत रांगेच्या टोकाला उभी असलेली आत्या अर्धीच दिसते. संचाच्या चित्रविषयक यादींत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा एखाद्या नांवाचा पर्याय असतो. तो निवडला कीं आत्याबाई सगळ्या दिसूं लागतात.

दुसरी संवय काळ्या-पांढऱ्याच्या मापाची. संगणक निव्वळ काळ्यास ० व शुभ्र पांढऱ्यास २५५ हा अंक देतो. टेलिव्हिजनच्या परंपरेंत तेच अंक १६ व २३५ असे आहेत. संगणकानें आपल्या मापानें पाठविलें आणि संचानें स्वतःच्या मापानें वाचलें, तर १६ च्या खालच्या साऱ्या छटा एकजात काळ्या होतात. समईच्या उजेडांत बसलेल्या आजीच्या गर्द लुगड्याचे काठ अंधारांत बुडतात. याच्या उलट प्रकार झाला, तर काळोख राखेसारखा फिकट दिसतो. अशा वेळीं केवळ प्रकाश कमीजास्त करून रोग बरा होत नाहीं. दोहोंकडे ‘फुल’ किंवा दोहोंकडे ‘लिमिटेड’ असें एकच माप ठेवणें हाच खरा इलाज.

तिसरी संवय कालगणनेची. भारतांत रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या फितींत सेकंदाला २५ चित्रें असतात, आणि प्रत्येक चित्र दोन अर्धुकांत विभागलेलें असतें: एकांत विषम रेषा, दुसऱ्यांत सम. नळीच्या पडद्यावर हीं ५० अर्धुकें एकामागून एक उमटत व हालचाल सलग वाटे. संगणक दोन्ही अर्धुकें एकत्र गुंफून दाखवूं लागला, तर सप्तपदी चालणाऱ्या वधूच्या शालूला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा फुटतात, कारण दोन अर्धुकांच्या मध्यें वधू किंचित् पुढें सरकलेली असते. चित्र दाखविणाऱ्या प्रोग्रॅममधील ‘डीइंटरलेस’ हा पर्याय या रेषा मिटवितो. शिवाय संगणक बहुधा सेकंदाला ६० वेळां चित्र पाठवितो. २५ चित्रें ६० जागीं सारखीं वांटतां येत नाहींत. कांहीं दोनदां तर कांहीं तीनदां दाखवावीं लागतात, आणि चाल अडखळते. संच स्वीकारीत असेल तर संगणकाची गति ५० वर आणावी, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो.

हे सारे दोष दाखविण्याच्या रीतींतले आहेत. त्यांपायीं मूळ फितीवरचा एक ठिपकाही हललेला नसतो. पण हें न जाणून कित्येक घरांत भलताच उपाय होतो. कोणी उत्साही तरुण चित्र काळवंडलें म्हणून तें उजळ करतो, त्याची नवी प्रत काढतो, आणि जागा अडते म्हणून मूळ प्रत पुसून टाकतो. व्हिडिओची प्रत अशी नव्यानें दाबून साठवितांना दर खेपेस कांहीं बारकावे गळतात, ते पुन्हां परत येत नाहींत. संचाचें माप पुढें केव्हांही बदलतां येईल. गेलेल्या आजीचा चेहरा मात्र पुन्हां टिपतां येणार नाहीं. यास्तव हात लावावयाचा तो संचाला, आणि मूळ प्रत आहे तशीच जपून ठेवावयाची, एवढें पथ्य सांभाळलें तर संगणकाच्या खुर्चींत अडकलेल्या आठवणी पुन्हां घरच्या बैठकींत येऊन बसतील.