दुबईला जाताना : बॅगेत काय घ्यावे, काय घेऊ नये
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भिलाईत आपण नोकरीनिमित्त आलो आणि इथलेच झालो. आता आपली मुले पुढे निघाली आहेत. कॉलनीतल्या बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी दुबई, शारजा किंवा अबूधाबीत आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर आपला पहिला परदेश प्रवास बहुधा तिकडेच होतो. दोनदा जाऊन आल्यावर जे समजले, ते आज सांगतो. बुर्ज खलिफा 828 मीटर उंच आहे, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी बॅगेपासून सुरुवात करतो.

पहिल्या वेळी निघण्याच्या आदल्या दिवशी सौ.ने नातवासाठी अनारसे केले, गोड्या मसाल्याचा डबा भरला, मोदकाच्या सारणासाठी खसखशीची पुडी ठेवली. रात्री सूनबाईंचा फोन आला. "आई, अनाराशांना खसखस लावली आहे का? मग आणू नका. पुडी तर मुळीच नको." सौ.ला राग आला. नातवाला आजीच्या हातचे खाऊ द्यायचे नाही की काय, असे तिला वाटले. मलाही ते अतीच वाटले. पण सूनबाईंचे बरोबर होते.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि खसखस किराणा दुकानात मिळते. म्हणून तिच्यात काही वावगे असेल, असे आपल्या मनातही येत नाही. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि ती आणणे हा गुन्हा आहे. "घरच्या खाण्यापुरती होती" किंवा "माहीत नव्हते" या सबबीवर सुटका होईल, असे धरून चालू नका. सौदी अरेबिया आणि सिंगापूरलाही खसखशीवर बंदी आहे. तेव्हा अनारसे, मोदकाचे सारण, खसखस घातलेले लाडू, एवढेच नव्हे तर गोडा मसालासुद्धा, खसखस आहे की नाही हे पाहूनच बॅगेत घाला. शेवटी आम्ही बेसनाचे लाडू नेले. नातवाने चार दिवसांत संपवले.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढून ठेवा. त्यात तेल जास्त असल्याने ते पेट घेणारे समजतात आणि आपल्याच विमानतळावर ते बाहेर काढायला लावतात.

आता औषधांकडे वळू. आपल्या वयात औषधांचा डबा कपड्यांआधी भरला जातो. रक्तदाब, मधुमेह यांच्या नेहमीच्या गोळ्यांची अडचण नाही. पण कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी आणि झोपेच्या किंवा मन शांत ठेवणाऱ्या काही गोळ्या तिथे नियंत्रित औषधे आहेत. त्या न्यायच्या असतील तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्यावी लागते. सोपा उपाय असा की, डॉक्टरांकडून औषधातील घटकांच्या नावांसह चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्यावी आणि नियंत्रित औषधाला दुसरा पर्याय आहे का, ते विचारावे. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवा. आठवड्याच्या खणांच्या डबीत सुट्या गोळ्या घालून नेऊ नका. कोणती गोळी कसली, हे तिथे दाखवता येत नाही. आणि शेजाऱ्यांनी "माझ्या मुलाला एवढे औषध द्या" म्हणून दिलेले पाकीट उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. वाईट वाटले तरी चालेल.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा सामान्यतः निघण्यापूर्वीच काढावा लागतो. तो 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला 50 दिरहम दंड पडतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. विजेची पिन जाड, चौकोनी तीन पायांची असते, तेव्हा अॅडॉप्टर लागतो. जून ते सप्टेंबर पारा चाळिशीपार असतो, म्हणून नोव्हेंबर ते मार्च हे दिवस बरे.

एक गंमत सांगतो. एके काळी त्या वाळवंटात आपला रुपया चालत असे. 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. 1966 साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तो व्यवहार आटोपला. सात अमिरातींचे राष्ट्र 1971 साली उभे राहू लागले आणि 1973 पासून दिरहम आला. आता एका डॉलरला 3.6725 दिरहम हा ठरलेला दर आहे.

फिरण्यासाठी दुबईची मेट्रो उत्तम. 2009 साली सुरू झालेल्या या मेट्रोसाठी नोल कार्ड घ्यावे. महिला व मुलांसाठी वेगळा डबा असतो. चुकून पुरुष त्यात शिरला तर दंड. डब्यात खाणे-पिणे केले तरी दंड. म्हणजे गाडी सुटताच पुरी-भाजीचा डबा उघडायची आपली सवय घरीच ठेवावी. खाडी ओलांडायला लाकडी होडी आहे, तिला अब्रा म्हणतात. एका दिरहमात होणारी ही सफर मला उंच इमारतींपेक्षा जास्त आवडली. अबूधाबीजवळचे दगडी हिंदू मंदिर फेब्रुवारी 2024 मध्ये खुले झाले. जाण्यापूर्वी नावनोंदणी करावी.

वागण्याबोलण्याचे नियम कडक आहेत, पण कठीण नाहीत. परक्या माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. व्हॉट्सअॅपवर शिवीगाळ केली तरी गुन्हा होतो. रमझानमध्ये दिवसा उघड्यावर खाऊ-पिऊ नये. शारजात दारूला पूर्ण बंदी आहे. आणि आपल्या कार्यकर्त्यांसाठी खास सूचना : पावतीपुस्तक नेऊ नका! परवानगी असलेल्या संस्थेखेरीज कोणीही देणगी गोळा करणे तिथे बेकायदेशीर आहे. मग ती गणपतीची वर्गणी असो, की आजारी माणसासाठी फोनवर फिरवलेले मदतीचे आवाहन. मागच्या वेळी आपल्या मंडळाची चार पावतीपुस्तके माझ्या टेबलावर तयार होती. ती तिथेच राहिली, हे बरे झाले.

येताना सोन्याचा मोह होतो. दागिन्यांवरची शुल्कसवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. पंधरा दिवस फिरायला गेलेल्याला ती नाही. नवी बांगडी हातात घातली म्हणून ती जुनी होत नाही.

शेवटी ज्यासाठी हे व्याख्यान द्यायला मी तयार झालो, ते सांगतो. आपल्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा एका दलालामार्फत "आधी टूरिस्ट व्हिसावर जा, तिथे नोकरीचा व्हिसा होईल" या भरवशावर गेला. वडिलांनी फंडातले पैसे काढून दिले होते. नोकरी झाली नाही, व्हिसा संपला, दंड चढत गेला. मुलगा परत आला, पैसे आले नाहीत. वडील आजही कोणाजवळ बोलत नाहीत.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. टूरिस्ट व्हिसावर तिथे काम करणे बेकायदेशीर आहे. दुसरे, दलाल भारत सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. तिसरे, दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. त्यांना नोकरीसाठी अमिरातीत जाताना सरकारची मंजुरी घ्यावीच लागते. ही मंजुरी म्हणजे अडवणूक नाही, ती त्यांच्याच संरक्षणासाठी आहे. तिथला कायदाही भरतीचा खर्च कामगाराकडून घेऊ देत नाही आणि मालकाला पासपोर्ट अडकवून ठेवू देत नाही. अडचण आलीच तर अबूधाबीत आपला दूतावास आहे, दुबईत वाणिज्य दूतावास आहे. तिथे जायला लाजू नये. पोलिसांसाठी 999 आणि रुग्णवाहिकेसाठी 998 हे क्रमांक लिहून ठेवा.

आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा, कारखान्यातला कंत्राटी कामगार, यांच्यापर्यंत हे व्याख्यान पोचत नाही. तुम्ही पोचवा. पंधरा दिवसांच्या सहलीत आपली चूक झाली तर सहल बिघडते. त्यांची चूक झाली तर घर बसते.

बाकी प्रवास सुखाचा होवो. विघ्नहर्ता पाठीशी आहेच, पण बॅग आपली आपणच तपासावी.

गणपती बाप्पा मोरया!