सुईच्या आधी नळी



मज्जारज्जूच्या दुखापतीविषयी बोलायला पुण्याचा हक्क मोठा आहे. खडकीत १९७४ पासून जायबंदी जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. पाय चालत नाहीत हे लोकांना दिसतं. लघवीचे हाल कुणाला दिसत नाहीत. मज्जारज्जूला मार बसला, की अनेकदा मूत्राशय आकसतं त्याच क्षणी खालचा स्फिंक्टर, म्हणजे लघवी रोखणारा स्नायूही, आवळला जातो. लघवीला वाट उरत नाही, आत दाब वाढत राहतो आणि तो मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. एके काळी माणसं दुखापतीतून वाचायची आणि पुढे मूत्रपिंडं निकामी होऊन जायची.

१९८८ मध्ये अमेरिकेत डेनिस डायक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी अशा स्फिंक्टरमध्ये बोट्युलिनम टॉक्सिन टोचल्याचे निष्कर्ष मांडले. २००० साली ब्रिगिट शुर्श यांनी मूत्राशयाच्या स्नायूतल्या इंजेक्शनांचे परिणाम प्रसिद्ध केले. खराब सॉसेजमधून माणसं मारणारं हेच विष. जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी त्याचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, हे १८२२ मध्येच सुचवलं होतं! आज आपण दुर्बिणीतून सुमारे तीस जागी मिळून २०० युनिट देतो. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा आकसण्याचा निरोप अडतो, मूत्राशय सैलावतं, दाब उतरतो. पण काही महिन्यांनी असर ओसरतो, पुन्हा टोचावं लागतं, पुन्हा खर्च. आणि सैलावलेलं मूत्राशय पुष्कळदा आपणहून रिकामं होत नाही. दिवसातून अनेकदा स्वतःच्या हाताने नळी घालावी लागते.

म्हणून माझा आग्रह असा, की नळी घालता आल्याशिवाय सुई उचलू नये. रुग्णाला ती हात धुऊन, न घाबरता घालता आली पाहिजे. हात चालत नसतील तर घरच्या माणसाला. शेतावर, कारखान्यात, एसटीच्या प्रवासात हे कुठे आणि कसं करायचं, तेही आधीच बोलून घ्यायला हवं. बायकांच्या बाबतीत तर नक्कीच.

हे शिकवतात परिचारिका. एरवी त्यांचं प्रात्यक्षिक शेवटच्या सत्रात, सभागृह रिकामं होत असताना होतं. या संमेलनात आम्ही ते उद्घाटनानंतर लगेच ठेवलं आहे. डॉक्टरमंडळींनी पुढच्या रांगांत बसावं, ही स्वागत समितीची विनंती आहे.