पाटणचा मठ कोणी चालवला?



पाटणादेवीला न गेलेला चाळीसगावकर या सभागृहात सापडायचा नाही. चंडिकेचं देऊळ, केदारकुंड, धवलतीर्थ, वरचा कण्हेरगड हे सगळं तुमच्या पायाखालचं, म्हणून सोडून देतो. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला, कीलहॉर्नने तो संपादून छापला, हेही तुम्ही जाणता. मला बोलायचं आहे ते त्या लेखाच्या शेवटच्या ओळींबद्दल. पाटण गावाचा इतिहास त्या ओळींत आहे आणि आपण तेवढ्याच वाचत नाही.

(मागून आवाज : भास्कराचार्य पाटणचेच! टाळ्या.)

टाळ्या जरूर वाजवा. पण आचार्यांनी आपलं म्हणून सांगितलेलं विज्जडविड म्हणजे नेमकं कोणतं गाव, हा वाद आज नको. विजापूरवाले आहेत, बीडवाले आहेत, आपण आहोत. आचार्यांचा जन्म पाटणला झाला, असं शिलालेख म्हणत नाही. रागावू नका, मी पाटणला कमीपणा आणत नाही. उलट माझं म्हणणं असं, की जन्मापेक्षा मोठी गोष्ट त्या दगडावर कोरलेली आहे.

आचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. सोळाशे गावांच्या खानदेशावर तेव्हा यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभांची सत्ता होती. त्यांच्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं आणि त्याचा भाऊ हेमाडिदेवानेही. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. म्हणजे इसवी सन १२०७.

इथे थोडं थांबू या. ग्रहणात दान करायची चाल जुनीच. पण हे दान कोणाला? ज्या मठात ग्रहणाचं गणित शिकवायचं, त्याच मठाला! ‘सिद्धान्तशिरोमणी’त चंद्रग्रहणाचा वेगळा अधिकार, म्हणजे प्रकरण, आहे. पृथ्वीची छाया किती रुंद, स्पर्श केव्हा, मोक्ष केव्हा, हे सगळं मांडून काढायचं. ते गणित येणारा माणूस त्या दिवशी समोर उभा असणार, आणि सर्व लोकांच्या देखत हातावर पाणी सोडून सोइदेव दान देतो. त्या गर्दीत शेतकरी असतील, बायाबापड्या असतील. मूठभर पंडितांचं शास्त्र गावासमोर आलं ते असं. मला तर हा प्रसंग यादवांच्या कोणत्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो. यावर मी तासभर बोलेन...

(अध्यक्षांची चिठ्ठी.)

दहाच मिनिटं? बरं. मग शेवटच्या ओळी.

इतका वेळ संस्कृतात चाललेला लेख हिशेबाला आला की मराठीत येतो, कारण तो ज्यांनी पाळायचा ते बाजारातले लोक होते. पाटणात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाकडे जाणारा वाटा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. राजाने हक्क सोडला, हे त्याचं मोठेपण आहेच. पण रोजचं तेल तेल्याच्या घाण्यातून यायचं. ते नसतं तर रात्री कोणत्या उजेडात कोणी आचार्यांची ‘लीलावती’ वाचली असती? निकुंभांची आणि यादवांची वंशावळ आपण पाठ करतो. घाण्याचं नाव कोणी काढत नाही.

(पहिल्या रांगेतून : आमचा घाणा होता साहेब! हशा.)

मग ही पहिली रांग तुमचीच! गंमत म्हणून सांगत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत या ओळी आजच्या मराठीत लावा आणि पाटणला देवळाजवळ फलक करा. नगरपालिकेचे सदस्य बसलेत, त्यांच्यासमोरच मागतो.

वेळ संपली. बहाळचा शिलालेख राहिलाच. बहाळचे लोक आलेत, त्यांची क्षमा मागून एवढंच सांगतो : आचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा नातू अनंतदेव, तोही सिंघणाचाच ज्योतिषी. गिरणाकाठच्या तुमच्या गावात त्याने शके ११४४ मध्ये देवीचं देऊळ बांधलं आणि लेख कोरला. पाटण आणि बहाळ हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. अध्यक्षांनी पुढच्या वर्षी बोलावलं तर सुरुवात बहाळपासून करू.